दादांचं प्रमाणपत्र

१

त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं, कारण मायना ठरेना. खाली सही नव्हती, नुसतं ‘एक वाचक’ आणि पत्ता: पाणी तपासणी प्रयोगशाळा, मागचं दार. ‘महोदय’ लिहावं तर वाचक बाई निघायची, ‘महोदया’ लिहावं तर कुणी मिशीवाले गृहस्थ. अक्षरावरूनही काही कळत नव्हतं. मोठं, डावीकडे कललेलं, धावत्या गाडीत लिहिल्यासारखं अक्षर होतं. आणि मायना सुचला असता तरी पुढे काय लिहायचं हा प्रश्न होताच.

मी ग्रंथालयातले संगणक सांभाळत असे. निवृत्त झाल्यावर डेटाबेसला कुलूप कसं घालावं यावर एक बारीक पुस्तक लिहिलं. डेटाबेस म्हणजे माहितीचं कोठार आणि सर्व्हर म्हणजे त्या कोठाराचा दारवान, अशी सुरुवात केली होती. मग दोन गोष्टी सांगितल्या होत्या. दारवानाशी होणारं बोलणं कूटबद्ध कसं करायचं, म्हणजे वाटेत कुणी कान लावला तरी त्याला नुसती खरखर ऐकू येईल. आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या नावाचं प्रमाणपत्र व त्याची गुप्त किल्ली कशी द्यायची, म्हणजे पासवर्ड ऐकून कुणीही सोम्यागोम्या आत शिरणार नाही. पुस्तकाच्या सगळ्या प्रती प्रकाशकाच्या गोदामात सुखरूप असतील असा माझा समज होता. त्यामुळे पत्र आलं याचाच धक्का बसला.

पत्रात एकच प्रश्न होता. ‘आपण लिहिता की प्रमाणपत्र पाहिलं की सर्व्हरला माणूस ओळखता येतो. खरोखर माणूस ओळखता येतो का?’

मला उत्तर येत नव्हतं. पत्र मी शब्दकोशात ठेवून दिलं.

त्यानंतर काही महिन्यांनी एक उंच, गाल सुजलेला गृहस्थ माझ्या दारात उभा राहिला. तो त्याच प्रयोगशाळेचा कारभार पाहणारा थोरला मुलगा होता. एका वसाहतीच्या विहिरीचं पाणी त्यांच्याकडे तपासायला आलं होतं. त्यात नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघालं. तान्ह्या मुलांना असं पाणी घातक असतं. रसायनतज्ज्ञाने ४८ हा आकडा डेटाबेसमध्ये भरला. दुसऱ्या दिवशी अहवालावर सही करायला बसला तर आकडा १०.८ झालेला आणि शेजारी ‘पिण्यायोग्य’ असा शेरा. अहवाल बाहेर गेला नाही हे नशीब.

“बदल कोणाच्या नावावर झालाय?” मी विचारलं.

“माझ्या,” तो म्हणाला. “पण मी तेव्हा दातांच्या डॉक्टरकडे होतो. म्हणून आता सगळे धाकट्या भावाच्या बायकोकडे बोट दाखवताहेत. प्रमाणपत्रं तीच बनवते. सोमवारी परवाना समिती येणार. त्याआधी तिने किल्ल्या देऊन प्रयोगशाळा सोडायची, असं आत्याने ठरवलंय. ती म्हणते, जाते, पण आधी या पुस्तकाच्या लेखकाला बोलवा.”

मी या कामाचा नाही, असं सांगायला तोंड उघडलं होतं. पण पुस्तकावर विसंबून कुणाची नोकरी जात असेल तर घरात बसून राहणं बरं दिसलं नसतं. मी चपला घातल्या. थोरला पुढे निघाला आणि त्याची छत्री माझ्याकडेच विसरला.

२

घर आणि प्रयोगशाळा एकाच इमारतीत होती. खाली लांब टेबलं, बाकदार मानेचे नळ, चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्यांनी भरलेले फ्रिज. वर कुटुंब राहत होतं. प्रयोगशाळा उभी करणारे वृद्ध गृहस्थ, म्हणजे थोरल्याचे वडील, वरच्या मागच्या खोलीत असत. झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली होती आणि उजवा हातही. काही हवं असलं की ते घंटी वाजवत. मुलं त्यांना बाबा म्हणत, रसायनतज्ज्ञ सर म्हणे. धाकटा मुलगा नमुने गोळा करत गावोगाव फिरे. बदल झाला तेव्हाही तो बाहेरगावीच होता. कारभाराची सूत्रं वडिलांच्या धाकट्या बहिणीकडे होती. तिला सगळे आत्या म्हणत.

सर्व्हर जिन्याखालच्या कोठडीत होता. धाकट्या सुनेने मला स्टुलावर बसवलं आणि स्वतः उभी राहिली. पत्राबद्दल तिचे आभार मानावेत म्हणून मी चाचरत विषय काढला. “कुठलं पत्र?” असं तिने विचारलं, तेव्हा मी इतका ओशाळलो की तो विषय तिथेच सोडला.

मी आधी भोकं शोधली. कोणाला कसं आत घ्यायचं याचे नियम एका फाइलमध्ये एकाखाली एक लिहिलेले असतात, आणि सर्व्हर वरून वाचत येऊन जी ओळ पहिली लागू पडेल तीच पाळतो. पुष्कळ ठिकाणी कडक नियम खाली असतात आणि चाचणीच्या वेळी घातलेली एखादी ढिली ओळ वर तशीच राहून जाते. इथे तसं काही नव्हतं. कूटबद्ध जोडणी नसेल तर प्रवेश नाही, प्रमाणपत्र नसेल तर प्रवेश नाही. कोण कधी आलं याची सर्व्हर ठेवतो ती नोंदही पाहिली. दुपारी जोडणी झाली होती, कूटबद्ध होती, प्रमाणपत्रावर नाव होतं ‘दादा’. जोडणी इमारतीच्या आतूनच आलेली. कुठल्या संगणकावरून ते मात्र सांगता येईना, कारण तिथला राउटर रोज नवे पत्ते वाटायचा आणि जुने विसरायचा.

“दादाच का? पूर्ण नाव का नाही?”

“घरात, कामावर, सगळे त्यांना दादाच म्हणतो,” ती म्हणाली. “आत्यांनी सांगितलं कोणाकोणाला द्यायचं. मी पेनड्राइव्ह पाकिटांत घातले, वर नावं लिहिली आणि वाटायला त्यांच्याकडे दिले. दादांनी आपलं पाकीट हरवलं. ते घरातून निघाले की काहीतरी हरवून येतात. मग मी माझ्याकडच्या प्रतीवरून त्यांच्या संगणकावर पुन्हा बसवून दिलं. प्रत ठेवू नये असं तुम्ही लिहिलंय, पण त्यांचा स्वभाव माहीत होता म्हणून ठेवली.”

त्या दुपारी दादांच्या खोलीला कुलूप होतं आणि कुलपाची किल्ली त्यांच्या खिशात, दातांच्या डॉक्टरकडे. म्हणजे त्या संगणकावरून काही झालेलं नाही. ‘दादा’ नावाचं दुसरं प्रमाणपत्र बनवायचं तर सही करणारी मूळ किल्ली लागते, आणि ती सुनेच्या कपाटात. आधीची प्रतही तिच्याकडेच.

तिने हे सगळं माझ्याआधी जुळवलं होतं.

“काका, तुमच्या पुस्तकाप्रमाणे पाहिलं तर चोर मीच आहे,” ती म्हणाली. “आता पुस्तक तरी चुकीचं आहे, नाहीतर मी तरी खोटी.”

३

पुस्तक चुकीचं असेल, यावर मी तिथल्या तिथे विश्वास ठेवला. माझं तसंच असतं. पण ते नेमकं कुठे चुकलंय हे शोधल्याशिवाय आता हलायचं नाही, असंही मनाने घेतलं. हे मात्र माझं नेहमीचं नाही.

थोरल्याला विचारलं, तेव्हा तो गालावर हात धरून म्हणाला की पाकीट हरवलं नव्हतं, मिळालंच नव्हतं. पण छत्र्या, चष्मे आणि एकदा मोटारच कुठे लावली ते विसरलेल्या माणसाने असं म्हटलं तर कोण ऐकणार, म्हणून तो गप्प बसला होता. “तुम्हाला तरी पटतंय का?” त्याने विचारलं. त्याची छत्री माझ्या दाराशी होती. मी गुळमुळीत काहीतरी बोललो.

आत्या आपल्या खोलीत ताठ बसल्या होत्या. टेबलावर एकही कागद वाकडा नव्हता. त्यांनी माझी चौकशी केली, चहा मागवला आणि शांतपणे समजावलं की या वयात मी उगाच दगदग करू नये. पोरगी हुशार आहे, तिला दुसरीकडे काम मिळेल. समितीला सांगता येईल की संगणकाचा दोष होता आणि तो काढून टाकला. प्रकरण मिटेल.

मी म्हटलं, तिने केलं नसेल तर? माझा आवाज जरा चढला असावा.

“हळू बोला,” आत्या म्हणाल्या. “दादाला आवाज सहन होत नाही.”

मला शरम वाटली. शेजारच्या खोलीत थोरला दुखऱ्या दाढेने बसला होता. मी उरलेलं सगळं कुजबुजतच बोललो. जाता जाता त्या म्हणाल्या, थोरल्याला सांगा, जेवायच्या आधी गोळी घे.

रसायनतज्ज्ञाला सगळे थेंबे म्हणत. ते त्याचं आडनाव नव्हतं. तो थेंब थेंब बोलायचा म्हणून पडलेलं नाव होतं. मी त्याला विचारलं की अपायकारक पाणी चांगलं दाखवायचं असतं तर त्याने कोणता आकडा लिहिला असता. त्याने परीक्षानळी धुऊन ठेवली. मग म्हणाला, “चाळीस.”

“का?”

“मर्यादा पंचेचाळीस. चाळीस... कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.”

“मग १०.८ का लिहिलं असेल? ४८ वरून एकदम १०.८?”

त्याने हात पुसले. मग टेबलावरच पेन्सिलीने भागाकार केला. अठ्ठेचाळीस भागिले चार पूर्णांक त्रेचाळीस शतांश. पेन्सिल थांबली.

“जुनी पद्धत,” तो म्हणाला. “आता नायट्रेट म्हणून मोजतो. आधी त्यातला नुसता नायट्रोजन लिहायचो. तेच पाणी. आकडा लहान. मर्यादाही लहान... दहा.”

म्हणजे जुन्या पद्धतीनेही ते पाणी अपायकारकच होतं. दहाच्या वर. पण प्रोग्रामला जुनी पद्धत माहीत नव्हती. त्याने १०.८ ची तुलना पंचेचाळीसशी केली आणि आपलं ‘पिण्यायोग्य’ लिहून मोकळा झाला. आकडा बदलणाऱ्याला फसवायचं नव्हतं. त्याला चूक दुरुस्त करायची होती.

“ही पद्धत सुनेला माहीत आहे?”

“छे. ती आली तेव्हा... बंद होऊन वर्षं झाली होती. आत्या हिशेब बघतात, रसायन नाही. थोरला विसरला असेल.” त्याने पेन्सिल खाली ठेवली. “इथे काम करणाऱ्यांत मीच उरलोय. म्हणजे... मी?”

४

थेंबेने आकडा बदलला असता तर त्यानेच आरडाओरडा केला नसता. पण हे माझं मत झालं, पुरावा नव्हे. थोरल्याला न मिळालेलं पाकीट ज्याच्याकडे गेलं असेल त्याला बोलतं करायला हवं होतं. मग मला माझंच शेवटचं प्रकरण आठवलं. ते कुणी वाचत नाही अशी माझी खात्री होती. प्रमाणपत्र हरवलं तर ते रद्द करता येतं. रद्द झालेल्यांची यादी सर्व्हरला वाचायला दिली की त्यापुढे तो ते प्रमाणपत्र दारातूनच परत पाठवतो. कोणत्या हातात आहे हे तो विचारत नाही.

तसं असेल तर ‘दादा’ रद्द करायचा आणि बघायचं, कोण दारात अडकतं.

मी सगळ्यांना एकत्र बोलावलं. खरं तर सुनेने बोलावलं. मी तिच्या कानात सांगितलं होतं. प्रत्येकाने आपापल्या संगणकासमोर बसायचं आणि काम बंद पडलं तर हाक मारायची. दारं उघडी ठेवली. आत्यांनी हे पोरखेळ आहेत असं तोंडावर सांगितलं, पण बसल्या.

कोठडीत सुनेने मूळ किल्ली काढली, यादीवर सही केली आणि सर्व्हरला ती वाचायला लावली. प्रोग्राम दर थोड्या वेळाने नवी जोडणी करायचा, म्हणून आम्ही थांबलो.

“माझं बंद पडलं,” थोरल्याने हाक मारली. हे अपेक्षितच होतं.

थेंबेचं चालू होतं. आत्यांचंही चालू होतं. बाकी सगळीकडे शांतता.

माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. सून माझ्याकडे पाहत नव्हती. तिने मूळ किल्लीचा पेनड्राइव्ह काढला आणि मुकाट्याने पाकिटात घालायला घेतला. आत्यांना द्यायला. मी माफीचं वाक्य जुळवत होतो.

तेवढ्यात वर घंटी वाजली.

“औषधाची वेळ नाही,” सून म्हणाली.

घंटी पुन्हा वाजली. मग वाजतच राहिली.

आत्या खुर्चीतून उठल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि तो वाकडा राहिला.

५

मागच्या खोलीत वृद्ध गृहस्थ पलंगावर टेकून बसले होते. समोर छोटा संगणक होता. घरच्यांच्या समजुतीने तो बातम्या आणि नातवंडांचे फोटो पाहायला होता. पडद्यावर सर्व्हरचा निरोप होता: प्रमाणपत्र रद्द. त्यांनी डाव्या हाताचं बोट त्यावर ठेवलं आणि आमच्याकडे असं पाहिलं की मला दाराबाहेर जावंसं वाटलं.

“दादा, थांब, मी सांगते,” आत्या म्हणाल्या.

तो शब्द खोलीत पडला आणि सून हातातल्या पाकिटाकडे पाहू लागली.

थोरला धाकट्याचा दादा, सुनेचा दादा, सगळ्या नोकरमाणसांचा दादा. पण आत्या त्याला नुसतं ‘थोरला’ म्हणायची. तिने त्याला दादा म्हटलेलं मी एकदाही ऐकलं नव्हतं; ‘दादाला आवाज सहन होत नाही’ तेही भावाबद्दलच होतं. आत्याचा दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ. ‘मला, थेंबेला, दादाला दे’ असं तिने सांगितलं, सुनेने आपल्या दादांसाठी प्रमाणपत्र बनवलं, पाकिटावर ‘दादा’ लिहून आत्याच्या हाती दिलं, आणि आत्या सरळ जिना चढून ते आपल्या दादाला देऊन आली. दोघींनी एकमेकींचं अक्षर न् अक्षर बरोबर ऐकलं होतं. थोरल्याचं पाकीट कधी हरवलंच नव्हतं.

आत्यांना हे कळलं ते आकडा बदलल्यावर. सुनेकडे न पाहता त्या बोलल्या.

“आधी तो पासवर्डने बघायचा. रोज सकाळी सगळे आकडे. त्याच्या हातात दुसरं काय उरलं होतं? आणि आकडा बदललेला पाहिला, तेव्हा मला वाटलं, आता डोकंही गेलं. समितीने तसं कागदावर लिहिलं असतं. मला ते लिहू द्यायचं नव्हतं.”

“म्हणून माझं लिहिलं असतं तरी चाललं असतं,” सून म्हणाली.

आत्यांनी पलंगावरची चादर सारखी केली.

मग दारातून थेंबे बोलला. मी त्याला एका दमात इतकं बोलताना पुन्हा ऐकलं नाही. “आत्या, सरांचं डोकं गेलेलं नाही. ४८ ला ४.४३ ने भागलं की १०.८ च येतं. मी खाली करून पाहिलं. सरांनी मला हेच शिकवलं होतं.”

वृद्ध गृहस्थांनी डाव्या हाताने टाइप करायला सुरुवात केली. एकेक अक्षर. सगळे पडद्याकडे पाहत होतो. ‘दहाच्या वर. पिऊ नका.’

आत्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि त्यांनी भावाचा निर्जीव हात आपल्या हातात घेतला. मग त्या सुनेला म्हणाल्या, “किल्ल्या तुझ्याकडेच राहू देत. सोमवारी मी बोलेन. जे झालं ते.”

“सगळं?”

“माझंही.”

सुनेने मान डोलावली, पण आत्यांच्या शेजारी बसली नाही. ती सासऱ्यांच्या संगणकाकडे गेली.

तिथे मला ते दिसलं. कीबोर्डखाली टेकू म्हणून नव्हे, तर शेजारी उघडं ठेवलेलं माझं पुस्तक. प्रमाणपत्र बसवायची कृती होती त्या पानावर ओळीओळीला खुणा, आणि समासात मोठं, डावीकडे कललेलं, धावत्या गाडीतलं अक्षर. त्यांनी एका हाताने, पुस्तक वाचत, सगळं स्वतः बसवलं होतं. आणि बसवल्यावर त्यांना डेटाबेसमध्ये आपल्याच नावाने कुणीतरी दुसरा काम करताना दिसला होता. म्हणून तो प्रश्न. मागचं दार म्हणजे त्यांच्या खोलीचा जिना.

ते माझ्याकडे पाहत होते. मी कोण, हे त्यांना कुणी सांगितलं होतं की नाही कोण जाणे. मी नमस्कार केला आणि काढता पाय घेतला.

६

सोमवारी समितीसमोर आत्या बोलल्या. मी नव्हतो. सुनेने नंतर फोनवर सांगितलं. समितीने कडक शब्दांत दोन शेरे मारले आणि परवाना ठेवला. प्रमाणपत्रं आता पूर्ण नावांनी आहेत, आणि सून प्रत्येकाच्या हातात स्वतः देते. दुसरी प्रत ती ठेवत नाही. आकड्याशेजारी तो कोणत्या पद्धतीचा आहे ते लिहिलेलं असतं. सासऱ्यांना तिने स्वतंत्र प्रमाणपत्र दिलं. त्यावर आकडे बघता येतात, बदलता येत नाहीत, पण शेरा लिहिता येतो. पहिल्याच सकाळी त्यांनी थेंबेच्या सात आकड्यांवर शेरे मारले. त्यातले दोन बरोबर निघाले. थेंबे फार खूश आहे, असं ती म्हणाली. आत्यांशी बोलणं होतं का, असं मी विचारलं. कामापुरतं, ती म्हणाली, आणि मग: काल त्यांनी चहा आणून दिला.

फोन ठेवल्यावर मी शब्दकोशातून पत्र काढलं. मायना आता सोपा होता. ते माझे सख्खे नव्हेत, म्हणून तीर्थरूप नाही. मी लिहिलं:

‘तीर्थस्वरूप दादा यांस,

सा. न. वि. वि.

आपण विचारलंत, सर्व्हरला माणूस ओळखता येतो का. येत नाही. त्याला फक्त किल्ली ओळखता येते. ती कोणाच्या हातात आहे हे पाहायला जिना चढून जावं लागतं, आणि ते मी पुस्तकात लिहायला हवं होतं. दुसरी आवृत्ती निघण्याचा संभव कमी आहे. निघालीच तर ते वाक्य दुरुस्त करीन. समासात आपण आणखी कुठे खुणा केल्या आहेत ते कळवावं, ही विनंती.’

हे मी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा होतं तसंच लिहिलं. पाकिटावर पत्ता घातला, पुढे ‘मागचं दार’ हे शब्द आठवणीने लिहिले. थोरल्याची छत्री काखेत मारून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेलो. पत्र आत टाकलं. मग खात्री वाटेना, म्हणून फटीत बोटं घालून चाचपून पाहिलं. ते खाली पडलं होतं.